पहिल्या बाकावरची उत्पला

बोलताना कुणी मध्येच तोडलं की उत्पला गप्प व्हायची. चिडायची नाही, आवाज चढवायची नाही. समोरच्याचं बोलून, हसून, खोकून होईपर्यंत थांबायची आणि मग आपलं वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायची. तुटलं तिथून नाही, पहिल्यापासून. "मधून धरलं की अर्थ सांडतो," असं तिचं म्हणणं. एकाच वाक्यासाठी तिला कितीदा तरी थांबताना मी पाहिलं आहे. कारण बहुतेक वेळा ते तोडणारा मीच असायचो.

नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला आम्ही एका वर्गात होतो. मी अर्धापूरचा. घरी केळीच्या बागा, वडिलांना पंचक्रोशीत मान, बुडाखाली नवी मोटारसायकल आणि मी तोंड उघडलं की हसायला तयार असलेली मागच्या बाकांवरची पोरं. ती देगलूरची. वडील लाइनमन, विजेच्या खांबावर चढणारे. घर बौद्ध. गाव असं की एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालतात. ती नांदेडात मुलींच्या वसतिगृहात राहायची. हडकुळी, आवाज थोडा घोगरा. मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ, तेही सैल. बोलता बोलता ते कोपराकडं सरकवत राहायची.

पहिल्याच आठवड्यात फिजिक्सच्या सरांनी तिला फळ्यावर आकृती काढायला बोलावलं. तिनं काढली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "इगो सर, इथं बल शून्य होतं." तिच्याकडच्या तेलुगूत 'इगो' म्हणजे 'हे बघा'. आम्हाला ऐकू आला तो इंग्रजीतला इगो. मी मागून म्हणालो, सर, इगो तर लई मोठा हाय. वर्ग हसला. सरही हसले. त्या दिवसापासून तिचं नाव इगो पडलं आणि 'उत्पला' हे नाव फक्त हजेरीला उरलं.

पुढं दोन वर्षं मी तिला जे केलं त्याला आम्ही मजाक म्हणायचो. ती उत्तराला उभी राहिली की मागून खोकल्याची साथ यायची. बाक वाजायचे. माझा खास मित्र गजानन तिच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करायचा, घड्याळ सरकवण्यासकट. हळूहळू मुलीही तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या. आपल्यालाही एखादं नाव पडेल ही धास्ती. पहिल्या बाकावर ती एकटी बसायची. एकदा केमिस्ट्रीच्या मॅडमनी विचारलं, एकटी का गं बसतेस? ती म्हणाली, "वही पसरायला जागा मिळते, मॅडम." तक्रार म्हणून नाही. खरंच जागा मिळत असल्यासारखी.

आता एक गोष्ट सांगतो, ती मला आजवर कुणाला नीट सांगता आलेली नाही. बारावीत गेल्यावर ती मला आवडायला लागली. सकाळी वर्गात शिरलो की आधी पहिल्या बाकाकडं नजर जायची. ती आली नसली की दिवस बेचव व्हायचा. तिचा तो घोगरा आवाज ऐकायला मिळावा म्हणून सरांनी तिलाच प्रश्न विचारावा असं वाटायचं. आणि ती उभी राहिली की सगळ्यांत आधी मीच खोकायचो. कथा-कादंबऱ्यांत अशा पोराचं मन बदललं की त्याचं वागणं बदलतं. माझं तसं झालं नाही. आवडायला लागली म्हणून त्रास कमी झाला नाही, वाढला. पोरांना काही कळू नये याची मला इतकी काळजी होती की मी आधीपेक्षा जास्त वाईट वागलो.

त्याचा कळस गॅदरिंगला झाला. आमच्याकडं गॅदरिंगला फिशपॉण्ड असायचे. बिननावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि स्टेजवरून त्या वाचून दाखवायच्या. फिजिक्सच्या बक्षिसासाठी उत्पलाचं नाव पुकारलं गेलं. ती उठून स्टेजकडं निघाली, तेवढ्या वेळात निवेदकानं एक चिठ्ठी काढून वाचली. "इगोला प्रेमानं. बसमध्ये सीट राखीव, कॉलेजात सीट राखीव, मग पहिल्या बाकासाठी एवढी घाई कशाला?"

हॉल हसला. पुढच्या रांगेतले काही शिक्षकही हसले, मग इकडंतिकडं बघून गप्प झाले. उत्पला स्टेजच्या पायऱ्यांवर होती. ती तिथंच उभी राहिली. हसणं पूर्ण थांबेपर्यंत थांबली. मग वर गेली, बक्षीस घेतलं, नमस्कार केला आणि खाली येऊन आपल्या जागेवर बसली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र सगळा वेळ तिच्या मानेकडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन माझ्या बाकापाशी आली. तोवर ती माझ्याशी स्वतःहून एक शब्द बोलली नव्हती.

"ते तू लिहिलंस," ती म्हणाली. "अक्षर पाहिलं नाही मी. विनोदावरून ओळखलं." पोरं हसायला लागली. ती थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, "ते तू लिहिलंस. अक्षर पाहिलं नाही मी, विनोदावरून ओळखलं. माझे मार्क तुझ्यापेक्षा जास्त आहेत, हे तुला माहीत आहे. मग लिहिताना तुला काय वाटलं, एवढंच विचारायचं होतं."

टोमणा नव्हता तो. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी फालतू बोललो असेन. ती थोडा वेळ उत्तराची वाट पाहत उभी राहिली आणि मग निघून गेली.

बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेत मी आपटलो. तिला ऐन परीक्षेत टायफॉइड झाला होता, तिचीही संधी हुकली. आमच्याकडं अशा पोरांची रवानगी लातूरला होते. वडिलांनी मला तिथल्या एका मोठ्या क्लासला घातलं. पहिल्या दिवशी त्या अफाट हॉलमध्ये शिरलो तर पहिल्या बाकावर उत्पला. माझी मागची पोरं मात्र कुणी नव्हती. गजानन नांदेडातच राहिला होता. लातुरात मी कुणीच नव्हतो. त्या गर्दीतला एक नंबर, बस्स.

क्लासच्या सरांची जीभ तिखट होती. पहिल्या चाचणीत मी तळाला होतो. त्यांनी मला उभं केलं, केळी विकायला जा म्हणाले. एवढा मोठा हॉल एकदम हसला. माझ्यावर लोक हसण्याची ती पहिली वेळ. कान तापले. आणि मला आठवतं, त्या हसणाऱ्या तोंडांत मी तिचं तोंड शोधत होतो. ती हसत असेल याची मला खात्री होती. ती वहीत मान घालून लिहीत होती.

संध्याकाळी क्लासच्या फाटकाशी मी तिला गाठलं आणि विचारलं, तू का नाही हसलीस?

"हसू आलं होतं," ती म्हणाली. "पण तू उभा होतास ना. उभ्या माणसाला ते सगळं कसं दिसतं, मला माहीत हाय."

मी तिला फिजिक्स समजावून देशील का विचारलं. ती म्हणाली, देते, पण माझ्या बाकावर येऊन बसायचं आणि सगळ्यांसमोर मला पूर्ण नावानं हाक मारायची. एवढ्यावर तिनं मला शिकवायला घेतलं.

ती शिकवायची कशी, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगणं कठीण आहे. घाई करायची नाही. मी दचकून उत्तर फेकलं की म्हणायची, "उत्तर कुठं पळून जाऊन राहिलंय का? बस निवांत." मला काही जमेना की मी वही मिटायचो. ती पुन्हा उघडून द्यायची. "अवघड न्हाई हे. नवं हाय. अवघड आणि नवं यात गल्लत करू नको." हे वाक्य तिनं मला इतक्या वेळा ऐकवलं की आज बागेत एखादा नवा रोग दिसला तरी आधी तेच आठवतं. त्या उन्हाळ्यात लातुरात पाण्याची मारामार होती. टँकर आला की वसतिगृहातली पोरं बादल्या घेऊन पळायची. आम्ही दोघं क्लासच्या व्हरांड्यात बसून गणितं सोडवायचो. रविवारी ती डब्यातली पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आणि ज्वारीची भाकरी माझ्यापुढं सरकवायची. त्या आंबट भाजीला मी आधी तोंड वाकडं केलं, मग तिची वाट पाहायला लागलो.

एका रविवारी गंजगोलाईच्या बाजारात चक्कर मारून आम्ही उसाच्या रसाच्या गाड्यावर बसलो होतो. तिथं मी तिला सांगून टाकलं. तिला नवल वाटलं नाही. म्हणाली, मला माहीत आहे, आणि मला भीती वाटते. मी विचारलं, कशाची? रसाच्या ग्लासाकडं बघत ती म्हणाली, "मलाही आवडतोस त्याची."

मग मी माफी मागितली. अकरावी-बारावीचं सगळं आठवून, अगदी मनापासून. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाली, "बोललास ते चारचौघांत. माफी मागतोस ती इथं, गाड्यावर. ज्यांच्यासमोर बोललास, त्यांच्यासमोर मागशील त्या दिवशी घेईन." मी लगेच हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं.

त्या वर्षी आम्ही दोघंही डॉक्टर झालो नाही. मला लातूरच्याच कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिला दाताच्या डॉक्टरकीची जागा मिळत होती, ती तिनं सोडली आणि नांदेडात फिजिक्सला नाव घातलं. घरी बराच काळ अबोला होता म्हणे. शिकवायचं आहे मला, एवढंच ती सांगत राहिली. हे मला तुला शिकवताना कळलं, असंही एकदा म्हणाली. मला त्याचा अभिमान वाटला. अजूनही वाटतो, आणि वाटू द्यावा की नाही हे कळत नाही.

मग तिचं एम.एस्सी. होईपर्यंत आमचं जाणं-येणं राहिलं. मी लातूरहून नांदेडला जायचो, पुढं अर्धापूरहून. सोबत जगायचं हे दोघांच्याही मनात पक्कं होतं. फक्त चारचौघांतली माफी राहिली होती. मी ती पुढं ढकलत होतो आणि ती आठवण करून देत नव्हती.

गजाननचं लग्न निघालं तेव्हा मी तिला सोबत नेलं. सगळी जुनी पोरं तिथं जमतील, ओळख करून देईन, हळूहळू सगळं सुरळीत होईल, असा माझा हिशोब. मांडवाच्या तोंडाशी गजाननच्या धाकट्या भावानं आम्हाला पाहिलं आणि ओरडला, अरे, इगो आली की रे! पोरं हसली. आणि माझ्याही तोंडून हसू निघून गेलं. मला हसायचं नव्हतं. जुनी सवय होती, शिंक यावी तसं आलं. मी लगेच तोंड मिटलं, पण तिनं ते पाहिलं होतं. ती जेवली, नव्या नवरीशी दोन शब्द बोलली, गजाननच्या आईच्या पाया पडली आणि नांदेडच्या बसमध्ये बसून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मात्र मी थांबलो नाही. आधी वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ पानाचा डबा चाळत बसले. मग म्हणाले, शिकायला धाडलं होतं तुला. त्यापुढं माझ्याशी ते कित्येक महिने बोलले नाहीत. आईनं जेवण सोडलं. मी घर सोडायची तयारी केली, नांदेडात खोली पाहिली. मग एका रविवारी दुपारी नांदेडातल्या एका हॉटेलात मी सगळ्या पोरांना बोलावलं आणि उत्पलालाही. सगळ्यांसमोर उभा राहिलो. तिला नाव ठेवणारा मी, वर्गात आवाज करायला लावणारा मी, गॅदरिंगची ती चिठ्ठी माझी, असं एकेक सांगितलं. तिची माफी मागितली. पोरं पाण्याच्या ग्लासांशी चाळे करत बसली. गजानन म्हणाला, मजाक होती यार ती, एवढं काय. मी म्हणालो, मजाक नव्हती. त्याला तुटक वाटलं असेल. आमची मैत्री तिथून पुढं राहिली नाही.

बाहेर आल्यावर आम्ही रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली उभे राहिलो. मला वाटत होतं, आता सगळं झालं. मी तिला खोलीबद्दल सांगायला लागलो. तिनं मला तोडलं नाही. माझं सगळं संपेपर्यंत थांबली.

"तू बोललास ते खरं होतं," ती म्हणाली. "मला लई बरं वाटलं. एवढं कुणी करत न्हाई."

मी म्हणालो, मग?

"मग काही न्हाई. मी येऊ शकत न्हाई तुझ्यासोबत." घड्याळ तिनं कोपरापर्यंत सरकवलं. "तुझ्याजवळ असले ना, मी अजून कान देऊन बसते. तू हसलास की आधी बघते, कशावर हसलास. दुसऱ्या खोलीत हसलास तरी बघायला येईन. घरात असं राहायचं न्हाई मला. घरात तरी निवांत बसावं माणसानं."

मी विचारलं, म्हणजे माफ नाही केलंस?

"केलं की. ते वेगळं."

तिचे डोळे भरले होते. माझेही. तिनं ओढणीनं आधी स्वतःचे पुसले आणि मग, रस्त्यावरची माणसं बघत असताना, माझे.

आमच्या गावात आजही लोक माझ्याबद्दल म्हणतात की रणजितचं जमलं असतं, पण जात आडवी आली. कुणी हळहळतं, कुणी वडिलांना बोल लावतं. मी ते कधी खोडून काढलं नाही. त्या गोष्टीत माझ्याकडं थोडा मोठेपणा येतो. पण जात आडवी आली ती वडिलांच्या पानाच्या डब्यापाशी नाही. ती केव्हाच, त्या चिठ्ठीत, माझ्याच हातानं आली होती.

पुढं तिनं देगलूर भागातच ज्युनिअर कॉलेजात नोकरी धरली. उदगीरच्या एका शिक्षकाशी लग्न केलं. माणूस चांगला, असं ऐकत होतो. माझंही लग्न झालं, मुलगी झाली. माझ्या बायकोला हे सगळं माहीत आहे.

मधे एकदाच भेट झाली. नांदेडात विज्ञान प्रदर्शन होतं, मी मुलीला दाखवायला नेलं होतं. एका टेबलापाशी एक लहानखुरी मुलगी पाण्याच्या पंपाचं मॉडेल समजावत होती, अडखळत. भोवतीचे पाहुणे तिचं न ऐकता आपसांत बोलत होते. शेजारी उत्पला उभी. केस थोडे पिकलेले, आवाज तोच. ती पाहुण्यांना म्हणाली, "जरा थांबा, तिचं व्हायचंय अजून." पाहुणे ओशाळून गप्प झाले. मुलीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उत्पलानं मला पाहिलं, ओळखीचं हसली. माझ्या मुलीला नाव विचारलं, कितवीत आहेस विचारलं. मुलगी बडबडी, ती लगेच पंपाबद्दल बोलायला लागली. उत्पला वाकून तिचं सगळं ऐकत राहिली. आमचं दोघांचं बोलणं असं झालंच नाही.

गेल्या वर्षी तिला रक्ताचा आजार निघाला. हैदराबादला नेलं होतं. मला कळलं ते कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. कुणीतरी लिहिलं होतं, 'आपली इगो गेली.' खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मीही तिथं काही लिहू शकलो असतो. फोन बंद केला आणि गाडी काढली.

देगलूरला तिच्या वडिलांचं घर शोधत गेलो. वडील आधीच वारले होते. बाहेर माणसं बसली होती, तिचा नवरा त्यांच्यात होता, खांदे पाडून. आत बुद्धाच्या तसबिरीखाली तिचा फोटो, पांढरी फुलं, मेणबत्ती. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. छोटीशी बाई. मला पाहून तिनं पदर सारखा केला.

"कुठून आलाव?"

मी सांगितलं, अर्धापूरहून. नांदेडला तिच्या वर्गात होतो. नावही सांगितलं आणि जीव मुठीत धरून तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काहीच हललं नाही. माझं नाव तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ना त्रास देणारा म्हणून, ना दुसरा कुणी म्हणून.

"नांदेडच्या वर्गातलं कुणी येईल असं वाटलं नव्हतं," आई म्हणाली. "बसा बाबा. लई सांगायची ती तुमच्या वर्गाचं. सुट्टीला आली की तेच. पोरं लई चांगली हायत म्हणायची, एकटं वाटू देत न्हाईत. मला घोर होता ना, लेकरू एवढ्या लांब एकटं. मग हे ऐकलं की झोप लागायची."

आईनं कुणालातरी चहा ठेवायला सांगितला आणि माझ्याकडं सरकली.

"कशी होती ओ ती वर्गात?" तिनं विचारलं. "तुम्ही पाह्यलंय. मला सांगा की."

चहा आला. तो निवून गेला तरी ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, हाव, ती सांगायची तसंच होतं सगळं. एवढ्यावर तिचं भागलं नाही, अजून सांगा म्हणाली. मग मी सांगत गेलो. तिच्या शेजारी बसायला मुलींची कशी भांडणं लागायची, तिला बक्षीस मिळालं तेव्हा आम्ही किती टाळ्या वाजवल्या, टायफॉइड झाला तेव्हा पोरं कशी आळीपाळीनं वह्या पोचवायची. आई ऐकत होती, मधेच मान हलवत होती, डोळे पुसत होती. बाहेरची माणसं उठून गेली, दारातलं ऊन सरकून भिंतीवर गेलं, आणि मी तिला अशा एका वर्गाबद्दल सांगत राहिलो, ज्यात मी कधी बसलोच नव्हतो.